एकच भरलेलं पान

दानेश्वरीबाईंनी निवृत्त झाल्यावर भजनी मंडळ धरलं नाही, की योगाचा वर्ग लावला नाही. आत्मचरित्र लिहायला घेतलं, तेही कवितेत! बरं, साधी कविता लिहावी की नाही? तेही नाही. नियम असा, की खरंच आठवतं तेवढंच लिहायचं आणि आठवत नाही तिथं ओळ कोरी सोडायची. राजारामपुरीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, "बाई, लोक म्हणतील छपाई चुकली." बाईंनी तोंड वाकडं केलं. पोरांना मराठी शिकवण्यात जन्म गेला, तेव्हा कुणाचं ऐकलं नाही; आता काय ऐकतात!

पण लिहायला बसल्या आणि घाबरल्या. शाळेचा पहिला दिवस लिहावा, तर तो आपला की वर्गातल्या कुठल्या पोरीचा, तेच कळेना. एखादी आठवण चांगल्या शब्दांत बसवली, की दुसऱ्या दिवशी नुसते शब्द उरायचे, आठवण पसार! पानंच्या पानं कोरी राहू लागली.

एक पान मात्र काठोकाठ भरलं होतं. ते अव्वाचं, म्हणजे आईचं. दानेश्वरी पाच वर्षांची असताना सीमेकडच्या गावात अव्वा तापानं गेली. फोटो नाही, काही नाही. पण चुलीचा धूर, भाकरी थापणारे हात, हात वर केला की कोपरापर्यंत घसरणाऱ्या चांदीच्या पाटल्या, आणि "उण्ण बा", म्हणजे जेवायला ये, ही कानडी हाक. एवढं त्यांना लख्ख आठवायचं. हाक त्यांनी कानडीतच ठेवली होती. मराठीत घातली की ती मुकी व्हायची. या पानावर बाईंचा जीव होता. बाकी सगळं पुस्तक खोटं ठरलं तरी चालेल, हे एक खरं हवं.

तेच वाचून दाखवायला त्या कोडोलीला थोरल्या बहिणीकडं गेल्या. लग्न होऊन इथं आल्यापासून चन्नम्माअक्काच्या तोंडात मराठीच, तीही शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशी.

"आलीस व्हय? आधी हातपाय धू. कविता कुठं पळून जात न्हाय!"

बाईंनी सोप्यात बसून पान वाचायला घेतलं. अक्का आत भाकरी थापत ऐकत होती. पाटल्यांची ओळ आली आणि आतली थापथाप थांबली. बाई वाचत राहिल्या. शेवटी "उण्ण बा" आलं, आणि आतून अक्कानं हळूच तीच हाक पुन्हा मारली.

तोच सूर! शेवटचा "बा" लांबवायची तीच लकब, एवढी वर्षं कानात जपलेली. त्या धावत आत गेल्या.

"अक्का, अगदी अव्वासारखं म्हणालीस गं!"

अक्का पिठाच्या हातांकडं बघत राहिली. "दानू, अव्वा अंगानं भरलेली होती. पाटल्या मनगटात रुतायच्या तिच्या. साबण लावल्याबिगर निघायच्या न्हाईत."

"मग?"

"ती गेल्यावर अप्पांनी माझ्या हातात घातल्या. अकरा वर्षांची काडी मी! कोपरापातूर घसरायच्या. भाकरी मीच थापायची, आनि तुला हाक बी मीच मारायची की."

बाई तिथंच चुलीपाशी बसल्या. राग आला, पण कुणाचा ते कळेना. आई एकदा गेलीच होती. आता डोळ्यांदेखत चुलीपुढनं पुन्हा उठून गेली.

"मग अव्वाचा आवाज कसा होता गं? तू मोठी होतीस, तुला आठवत असेल."

अक्कानं बराच वेळ आठवून बघितलं. "न्हाय बग. तुला हाका मारून मारून माझाच कानात बसला."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. सगळ्या पुस्तकात अक्काचं एकही पान नाही, हे बाईंच्या तिथं बसल्या बसल्या ध्यानात आलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाव बदलते मी," त्या म्हणाल्या. "अव्वा खोडते, तुझं घालते."

"नगं." अक्कानं करपलेली भाकरी बाजूला काढली आणि नवा गोळा परातीत घेतला. "ऱ्हाऊ दे तिचंच. तिचं दुसरं काय ऱ्हायलंय?"