मोहाखालचं एकुलतं रोप

देशी झाडांना कशाकशाचा धोका आहे, ते मोबाईलवरच्या नकाशात भरत मी आलापल्लीकडच्या जंगलात हिंडत होतो. म्हातारे मोह ढीगभर, पण त्यांचं एकही पिल्लू दिसेना. माझं डोकं फिरलं होतं. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक दर उन्हाळ्यात मोहाखालचा पाला जाळतात, आणि त्यात रोपंही जातात. शेवटी एका मोहाखाली कमरेएवढं रोप सापडलं. हरखून मी नकाशावर हिरवा ठिपका टाकला.

तेवढ्यात वारा फिरला. शेजारच्या मोहाखाली एका म्हाताऱ्या बाईंनी लावलेली आग सुक्या पाल्यातून सरसरत आमच्याकडे निघाली.

"धावा बाई, रोप जाईल!" मी ओरडलो आणि बुटांनीच जाळ तुडवू लागलो. धुरानं डोळे उघडवत नव्हते. बाजूला बाई कशानं तरी सपासप आग झोडपत होत्या, एवढंच ऐकू येत होतं. एकदाची ती विझली.

धूर निवळल्यावर मी रोपाकडे वळलो, तर तिथे नुसता खुंट. बाकीचं रोप काळं पडून बाईंच्या हातात लोंबत होतं. त्या करड्या जंगलात आग झोडपायला त्यांच्या हाताशी हिरवं असं तेवढंच होतं.

"हे काय केलंत बाई?" मी खेकसलो.

"चिडता काऊन भाऊ? आग तं विझली ना!"

मोबाईल नुकसानीचं कारण विचारत होता: आग, कुऱ्हाड की गुरं? काय डोंबल भरणार? रोप तर वाचवतानाच मेलं होतं.