नातीच्या चढाईचं वजन

लहानपणी आमच्या खळ्यावर "हुतूतूतू" असा दम घुमायचा, तो अजून माझ्या कानात आहे. थोरला भाऊ चढाईला जायचा आणि मी बांधावर बसून त्याच्याबरोबर श्वास धरायचो. तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला कबड्डीतला जाणकार समजतो. त्या जाणकारीनं काय घोटाळा केला ते सांगतो, पण आधी तोंडातला चहा गिळा, नाहीतर ठसका लागेल.

माझी नात साक्षी वालूरच्या पोरींच्या संघात खेळते. चढाईला एकदम चपळ. पण संघात चढाई करणाऱ्या आधीच चौघी. या पाचवीचं काय करायचं, यावरून हॉटेलात आमचा रोज वाद.

"तिला कोपऱ्यात उभी करा," माझा दोस्त दत्तू म्हणाला. "पाय धरायला बी कुणीतरी लागतंच की."

"पाय धरायला तू जा. माझी नात चढाईच करणार."

"मग त्या चौघी काय फुगड्या घालतील का?"

लोक हसले. साक्षीला मात्र यात हसण्यासारखं काही नव्हतं. "आबा, कोपऱ्यात टाकलं तर मला खेळायचंच न्हाई," एवढं म्हणून ती ताटावर मान घालून बसली. 

मी तिच्या सरांना गाठलं. सर घाईत होते. "महिन्यानं सेलूत वजन हाय, बाबा. ते होऊ द्या. चढाईला कोण, ते मग ठरवू."

आता मला सांगा, जन्मभर कापूस काट्यावर घालणाऱ्या माणसानं यातून काय समजायचं? जिचं वजन जास्त, तिला चढाई. मी कुणाला विचारलंही नाही. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण हा दोष शाळेचा नाही.

त्या दिवसापासून मी स्वतः तिला वाढायला बसलो.

"आबा, बास. लय झालं."

"खा गं. पळतीस किती."

तिनं तूप नको म्हटलं, की मी ते भाकरीच्या पापुद्र्याखाली लपवायचो.  वजनाच्या दिवशी निघताना मी तिला दोन तांबे ताक पाजलं. अहो, वजन वाढवायला कापसावर मी कधी पाणी मारलं नाही. ते सगळं नातीच्या पोटात ओतलं.

सेलूत साक्षी काट्यावर उभी राहिली. आकडा बघून मी मिशीवरून हात फिरवला. सरांनी कपाळाला हात लावला.

"अर्धा किलो जास्त," सर म्हणाले. "आता खेळू देणार न्हाईत."

"जास्त भरली तर बरंच की," मी म्हणालो.

"बाबा, ह्या गटाला वजनाची हद्द असती. तिच्या वर गेली की पोरगी बाहेर. मागच्या वेळी ही दोन किलो खाली हुती, म्हणून ती बी निर्धास्त."

 वजन उतरवायला तासाभराची मुदत मिळाली. पोरगी भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लागली. मीही अपराधी मनानं मागं पळालो आणि दुसऱ्या फेरीला आडवा झालो. माझं वजन नक्की उतरलं असणार, पण ते कुणाला मोजायचं नव्हतं.

शेवटी ती कशीबशी हद्दीत बसली. पण चढाईला पायांत त्राण कुठलं? सरांनी तिला कोपऱ्यात उभं केलं. समोरची पोरगी आली, की ही रागारागानं तिचा घोटा धरायची आणि मग सोडायचीच नाही. सामना आपण जिंकला.

सर हसत माझ्याकडं आले. साक्षी शेजारीच पाणी पीत होती.

"बाबा, वाद मिटला. चढाईला चौघी हायतच. ही आता कायमची कोपऱ्यात. काय पकड हाय पोरीची. खाऊ काय घालता?"

कुणी कौतुकानं विचारलं, की मला राहवत नाही.

"काय न्हाई हो," मी म्हणालो, "भाकरीत तूप लपवायचं, तिला कळू न देता. महिनाभर. वजन वाढलं की चढाई मिळंल, असं वाटलं मला."

साक्षीनं बाटलीचं झाकण लावलं. माझ्याकडं एकदा बघितलं. आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली.