फुटक्या सीलांची माळ

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ते खात्याच्या साहेबाला माळ घालायची होती, आणि माझी गाडी अंगणात पुढचं चाक काढून दगडावर चढवलेली होती.

माळ फुलांची नव्हती. गावापासून हायवेपर्यंतच्या खड्ड्यांनी आमच्या मोटरसायकलींच्या पुढच्या शॉकअपची, आतलं तेल अडवणारी जी रबरी सीलं फोडली, ती आम्ही पोरांनी सुतळीत ओवली होती. मागं निवेदन घेऊन गेलो तेव्हा साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले होते, "रस्ता ठीक आहे. तुम्हालाच गाड्या वापरता येत नाहीत." ते वाक्य डोक्यात ठुसठुसत होतं. त्याला उत्तर म्हणून ही माळ. पत्रकही मीच लिहिलं होतं: 'हा रस्ता नव्हे, सील फोडण्याचा कारखाना आहे.'

माझ्या गाडीची दोन सीलं ओवायची राहिली होती. गाडी वडलांची, माझ्याहून वयानं मोठी. नळदुर्गहून नवी सीलं आणली होती, म्हटलं घरीच बसवू. पण मला एका जागी बसवेना. नट सैल करायचा, उठायचं, फोन बघायचा, पुन्हा बसायचं.

हँडल धरून उभे असलेले वडील म्हणाले, "भाषण करताना तासभर हलत न्हाईस. हितं काय मुंग्या चावायल्यात?"

डावा शॉकअप आधी उतरवला. त्यातलं काळं, पातळ झालेलं तेल उरलेल्या पत्रकांवर ओतलं. सील उचकटून काढलं तर त्याची आतली कड फाटलेली. ज्या पाईपावरून ते वरखाली होतं, त्यावर नख फिरवलं. काचेसारखा गुळगुळीत. म्हणजे गुन्हेगार रस्ताच. सील तिथल्या तिथं सुतळीत ओवलं.

उजव्या पाईपावर नख अडलं.

बारीक आडवे चरे, गोल फिरलेले. खड्डे दोन्ही बाजूंना सारखेच, मग चरे एकाच बाजूला कशाचे? वर बघितलं तर हँडलच्या खाली तारेचं वेटोळं लोंबत होतं. मोर्चाला निघताना झेंड्याची काठी मी उजव्या शॉकअपला तारेनं आवळतो. दर धक्क्याला काठी हलते, तार पाईप खरवडते आणि तो पाईप सीलला खातो.

"आबा, हे सील माळेत चालंल का?"

"मला काय इचारतोस? तुझा साहेब इचारंल."

मला चीड आली, पण कुणाची ते कळेना. साहेबांचं वाक्य अर्धं का होईना खरं करून द्यायचं? चऱ्यांवर तेल लावून बारीक पॉलिश पेपर मारला. पाईपाच्या तोंडाला पिशवीचं प्लॅस्टिक गुंडाळून नवं सील सरकवलं, वरून जुनं सील ठेवून हळूच ठोकलं. डोकं मात्र माळेत अडकलं होतं. काठी उजवीकडंच बांधायची, समोरच्या गाडीला झेंडा दिसला पाहिजे, हे आम्हा सगळ्यांचं ठरलेलं. म्हणजे माळेतली अर्धी सीलं संशयित.

तेल भरून चाक बसवलं आणि ऊन कलायच्या आत माळ हँडलला अडकवून घरोघर निघालो. ज्याच्या उजव्या पाईपावर चरे दिसतील, त्याचं एक सील बाहेर.

"तू साहेबाचा माणूस झालास का रे?" पहिल्याच दारात एकानं विचारलं.

"नख फिरव, मग बोल."

त्यानं फिरवलं. शिवी दिली, कुणाला ते सांगितलं नाही, आणि स्वतःच तार तोडली.

घरी आलो तेव्हा माळ पार आखडली होती. वडलांनी ती हातात धरून बघितली. "ही साहेबाच्या गळ्यात बसायची न्हाय. मनगटाला बांधतोस का?"

"गळ्यात घालायचीच नाही आता. साहेबांना खाली गाड्यांपाशी आणायचं. डाव्या पाईपावरून त्यांना नख फिरवायला लावायचं, मग विचारायचं, हे कुणी फोडलं."

"आन् त्यानी उजव्यावरून फिरवलं तर?"

"फिरवू द्या. ती सीलं माळेत नाहीत, ताराही काढल्यात. उद्या झेंडा मागं बसणारा हातात धरील."

वडलांनी पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार टाकला, दोनदा, तीनदा. दोन्ही पाईप कोरडे. मी पुन्हा खाली बसलो, पुन्हा उजव्यावर नख फिरवलं. कुठंच अडलं नाही.