धरणाकाठची म्हैस

माइक हातात आला की मी जरा जास्तच फुलतो, हे मान्य. तेव्हा तर विशीतला कारकून होतो, हौशी नाटकांत राजे वठवणारा. त्यामुळे ऐंशीच्या दशकात बदलापूरला गरिबांसाठी सवलतीच्या कर्जांचा मेळावा भरला, तेव्हा साहेबांनी निवेदन माझ्याकडेच सोपवलं. बारवी धरणाच्या वरच्या डोंगरपाड्यातल्या एका ठाकर बाईचं नाव मी असं काही पुकारलं, की तिचा जणू राज्याभिषेकच व्हायचा होता! टाळ्या पडल्या. कर्जातून घेतलेल्या हरियाणवी म्हशीचं दावं तिच्या हातात आलं. हार म्हशीच्या गळ्यात होता.

आठवड्याभरात बाई कचेरीत हजर. म्हैस फाटकाला बांधलेली, सोबत शाळेच्या झग्यातली मुलगी.

"आमी शेल्या मांगल्या होत्या, सायेब. ही परत घ्या. ही पेते तवढा पानी आमचा अख्खा पाडा पीत नाय."

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. "अहो बाई, तुमचा पाडा धरणाला चिकटलाय! पाण्याला काय तोटा?"

"धरण दिसतं ना. अंगनातून दिसतं. उतराया एक तास, चढाया दोन. ही पोर शाला सोडंल, तवाच म्हशीला पानी मिलंल."

म्हैस परत घ्यायचा रकाना कुठल्याच फॉर्मात नव्हता. साहेब माझ्या कानाशी लागले, "जा, दाखव तुझी कला."

दाखवली की! पायरीवर उभं राहून मी दूध, तूप, पक्कं घर, सगळं तिच्यासमोर उभं केलं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गर्जलो, "हिला डॉक्टरीण करील ही म्हैस!" कचेरी खिदळली, शिपायाने शिट्टी मारली. 

"लय गोड बोलता, भाऊ," बाई म्हणाली आणि फाटकाचं दावं सोडून म्हैस घेऊन निघाली.

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही पाहणीला गेलो. चढताना मी चारदा बसलो. अंगणात म्हैस, अंगावर तुकतुकी. शाळा भरायची वेळ केव्हाच टळली होती आणि मुलगी डोक्यावर दोन हंडे घेऊन खालून चढत होती. तिने मला ओळखलं.  दोन्ही हंडे म्हशीपुढे रिकामे केले आणि पुन्हा उतरायला लागली.

साहेब म्हशीवर बेहद्द खूश. अहवाल त्यांनी तिथेच सांगितला. माझं अक्षर सुरेख, म्हणून लिहिला मी. "योजनेमुळे कुटुंबातील प्रत्येक हाताला काम मिळाले."