झाकण न लावणारे चाचा

मुरुम गावातल्या चाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात एकाही यंत्राला झाकण नसे. प्रिंटर, कॉम्प्युटर, त्यांचा स्वतःचा रेडिओसुद्धा उघडाबोडका. "झाकलं की माणूस शिकत न्हाय," असं ते म्हणत. गिऱ्हाइकालाही स्टुलावर बसवून काय बिघडलंय ते दाखवत. घाईतला माणूस त्यांच्याकडे दुसऱ्यांदा येत नसे.

मी शिकवायचो त्या शाळेत देणगीतून आलेला, ब्रेल छापणारा प्रिंटर होता. दहावीतल्या संघमित्राला दिसत नव्हतं; तिची पुस्तकं त्यावर छापायची होती. पण प्रिंटरशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, फक्त एका जुनाट कॉम्प्युटरवर चाले, आणि तो शेवटच्या घटका मोजत होता. बाकीच्या कॉम्प्युटरांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती, तिच्यावर तो ड्रायव्हर चालत नसे. चाचांनी कंपनीला पत्र लिहिलं: प्रिंटर कोणत्या खुणा ओळखतो तेवढं सांगा, ड्रायव्हर मी लिहितो, सगळ्यांना फुकट देतो. उत्तर आलं: ते गुपित आहे, नवा प्रिंटर घ्या.

"गुपित कसलं? ठिपकेच तर पाडतंय," म्हणत चाचांनी वही काढली. जुन्या कॉम्प्युटरवरून एकच ठिपका छापायचा, तारेतून कोणते आकडे गेले ते टिपायचं. मग दुसरा ठिपका. मी छापायचो, ते तारीख घालून लिहायचे. दिवाळीपर्यंत अक्षरं जमली. कागद पुढं सरकवायची खूण तेवढी राहिली होती, आणि एका सकाळी तो जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. आता नव्यावरून छापलं की सगळ्या ओळी एकावर एक पडत.

त्याच सुमारास चाचांचा भाचा पुण्याहून आला. तो नेमका त्याच कंपनीत नोकरीला. त्यानं चिकटपट्टी लावलेल्या पाकिटात पेनड्राइव्ह आणला होता, त्यात सगळ्या खुणा. "मामू, माझं नाव घेऊ नका," तो म्हणाला. चाचांनी पाकीट तसंच खणात टाकलं.

"बघितलं की माझं लिहिलेलं माझं ऱ्हात न्हाय, सर," ते मला म्हणाले. "उद्या कंपनी चोरीचं म्हणंल, अन् ज्यानं ज्यानं घेतलं त्याच्याकडनं काढून घ्यायला लावंल."

"आणि पोरीची परीक्षा?"

त्यांनी खण बंद केला. मी चिडून निघून आलो, आणि परीक्षा होईपर्यंत तिकडे फिरकलो नाही.

खूण सापडली ती परीक्षेनंतर; ड्रायव्हर पुरा झाला आणि चाचांनी तो इंटरनेटवर सगळ्यांना फुकट देऊन टाकला. संघमित्रानं आईकडून धडे वाचून घेतले होते. ती पास झाली, गणितात मात्र जेमतेम. निकालाच्या दिवशी चाचा अकरावीचं पुस्तक छापून तिच्या घरी गेले. "दहावीचं द्यायचं ऱ्हायलं बेटा, माझ्यामुळं," एवढंच म्हणाले. तिनं तिथंच पहिल्या पानावर बोटं टेकवली आणि मोठ्यानं वाचायला लागली.

चाचा गेल्या वर्षी वारले. त्यानंतर दुकानाच्या पत्त्यावर कंपनीचं पत्र आलं: आमची गुप्त माहिती तुम्हाला कुठून मिळाली? उत्तर लिहायला त्यांच्या मुलानं मला बोलावलं. आम्ही वह्या काढल्या. त्यात एकेक ठिपका होता. पुढं, मी रुसून बसलो होतो त्या दिवसांची पानं होती: रोज नवे आकडे करून पाहिलेले, चुकलेले, खोडलेले. मला माझ्या रागाची लाज वाटली.

पत्रासोबत पाठवायला सगळ्या वह्यांच्या झेरॉक्स काढल्या. शेवटची वही ज्या खणात होती, त्याच्या तळाशी ते पाकीट सापडलं. झाकण दिसलं की काढणाऱ्या माणसानं त्याची चिकटपट्टी काढली नव्हती.