बापूकाकांचा शनिवार

बापूकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी नाकातोंडावरून मोठा पांढरा रुमाल घट्ट बांधला होता आणि हातात सुरी होती. लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या घरात राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. शेजारी मराठी माणसं आहेत असं कळल्यावर विरजण मागायला मागच्या दाराने गेले, तर काचेतून हे ध्यान दिसलं. मी मुळातच भित्री. वाटी तिथेच टाकून पळणार, तेवढ्यात दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या मालूकाकू म्हणाल्या, ये गं, चोर नाहीत, आमचेच आहेत हे.

काका सिंगापूर स्लिंग नावाचं कॉकटेल करत होते. दर शनिवारी संध्याकाळी करायचे, एकच ग्लास, काकूंसाठी. जिन, चेरी ब्रँडी, लिंबू, ताज्या अननसाचा गाळलेला रस, सगळं छोट्याशा मापाने, डोळ्यांसमोर धरून. एवढं काय मोजायचं, आमच्याकडे आमटीत मीठसुद्धा अंदाजाने पडतं, असं मी एकदा चिडवलं. तर रुमालाआडून म्हणाले, "मीठ घाल अंदाजाने. मी अंदाजाने ओतायला लागलो की संपलो." मग बर्फ घालून शेकर खांद्याशी धरायचे आणि तो बाहेरून पांढरा पडेपर्यंत हलवायचे. ग्लासात ओतलं की वर अननसाचा गुलाबी फेस यायचा. काकूंचं तिकडे लक्षच नसायचं. त्या सगळा वेळ काकांच्या हातांकडे बघायच्या.

त्याचं कारण काकांनीच सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. तरुणपणी ते लंडनच्या एका हॉटेलात बारमध्ये कामाला होते, तिथेच दारू लागली. एकदा पिऊन गाडी चालवत मुलीला, ईशाला, शाळेतून आणत होते आणि गाडी फुटपाथवर चढली. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. पण मागे वळून तिच्याकडे बघण्याची हिंमत होईना. त्या दिवसापासून थेंब नाही.

मग घरात बाटल्या कशाला ठेवायच्या? मी फटकन विचारलं.

"कुलपात ठेवली की ती स्वप्नात येते, सुनीता. ओट्यावर असली की निदान कुठे आहे ते कळतं."

रुमाल वास येऊ नये म्हणून. आणि काकूंची खुर्ची काकांनीच मांडलेली, आपल्याला स्वयंपाकघरात एकटं सोडायचं नाही असं काकूंना बजावून. गंमत म्हणजे एरवी हा माणूस कशाला भ्यायचा नाही. बागेत कोल्हा आला तर झाडू घेऊन मागे धावायचे, सत्तरीत शिडी लावून पन्हळ साफ करायचे, कचऱ्याचे बिन उचलले नाहीत की कौन्सिलला फोन करून साहेबाला फैलावर घ्यायचे. एका बाटलीपुढे मात्र ते पार लहान व्हायचे. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

एका शनिवारी ईशाचा फोन आला म्हणून काका बाहेर गेले. काकूंनी झटकन ग्लास उचलला, दोन घोटांत रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं. "मला नाही गं आवडत हे. खोकल्याच्या औषधासारखं लागतं. पण घरात भरलेला ग्लास उरायला नको, म्हणून पिते." मग माझा हात धरून म्हणाल्या, "दर शनिवारी मला भीती वाटते बघ. सांगू कोणाला?"

आणि एवढ्या घाबरणाऱ्या काकू आधी गेल्या. हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं.

दिवसकार्य उरकल्यावर ईशा माझ्याकडे आली, डोळे सुजलेले. "सुनीतामावशी, मी सगळे बॉटल्स बिनमध्ये टाकते. तू बाबाला सांग ना, प्लीज." आम्ही दोघी गेलो. काका शांतपणे म्हणाले, "टाक. दुकान कुठे टाकशील?" कोपऱ्यावरचं दारूचं दुकान त्यांच्या खिडकीतून दिसायचं. तिला त्याच रात्री लेस्टरला परतायचं होतं, हॉस्पिटलमधली ड्यूटी होती. बाटल्या तशाच राहिल्या.

त्या शनिवारी बेल वाजली. दारात काका, गळ्यात रुमाल. "येऊन बसतेस का?" एवढंच म्हणाले. मी काकूंच्या खुर्चीत बसले. त्यांनी सगळं तसंच केलं, पण प्रत्येक माप दोनदा डोळ्यांसमोर धरलं. ग्लास ओट्यावर ठेवून त्यांनी रुमाल सोडला आणि ते ग्लासवर वाकले. त्यांच्या ओठांत आणि त्या फेसात वीतभर अंतर होतं.

"हिला ते आवडत नव्हतं, माहीत होतं मला," काका म्हणाले. "ती माझ्यासाठी घाबरायची, म्हणून मी इतकी वर्षं सुटलो. आता माझ्यासाठी घाबरणारं कोणी नाही, त्याचीच भीती वाटते."

मी जन्मात दारूला शिवले नव्हते. उठले, ग्लास उचलला आणि घटाघटा प्यायले. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. काकांनी पाठीवरून हात फिरवला आणि शेकर धुवायला घेतला.

पुढे प्रत्येक शनिवार माझा झाला. मधल्या सहा दिवसांत काय होत असेल या विचाराने मात्र झोप उडायची. त्यांच्याकडे दिवा उशिरापर्यंत दिसला की धास्ती, लवकर मालवला तरी धास्ती. कुठे लग्नाला गेले तरी निम्मं लक्ष घड्याळात. घरचे म्हणायचे, तुला काय पडलंय एवढं? पडलं होतं खरं.

या मार्चमध्ये एका सकाळी ईशाचा फोन आला, बाबा फोन उचलत नाहीत. माझ्याकडे किल्ली होती. काका सोफ्यावर मान टेकून बसले होते, चष्मा छातीवर. हाक मारली, हलवलं. मग आधी नाडी बघायची सोडून मी वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वेलची घातलेल्या चहाचा वास होता, दुसरा कसलाही नाही. नाडी नव्हतीच.

अँब्युलन्सला कळवलं आणि ईशाला फोन लावला. ती काही विचारायच्या आत मी म्हटलं, "काही घेतलं नव्हतं गं त्यांनी." पलीकडून हुंदका ऐकू आला. मग सांगितलं, बाबा गेले.