मागच्या नळापाशी

सरांनी माझा अर्ज उभा दुमडला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि शिपायाला म्हणाले, "इनकू पीछे नल के पास बिठाओ."

मी पुरातत्त्वात एम.ए. दोन उत्खननांत खड्ड्याची सगळी नोंदवही मी ठेवलेली. अर्जात ते लिहिलं होतं. सरांनी वाचलं फक्त आडनाव.

"वडार ना तुम्ही?"

"हो."

"मग बरंच झालं. माती तुमच्या रक्तातच. शिकवायला नको."

आणि हसले. आपण कौतुकच केलं, असं त्यांना वाटलं. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

बरकतपुऱ्यातली ती उत्खननं करणारी खासगी संस्था. सर हैदराबादच्या जुन्या मराठी घराण्यातले. दारावर मराठी पाटी दिसली म्हणून मी आत शिरले होते. माझ्या नवऱ्याला, सुहासला, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुणं सोडलं. सध्या तशा कंपन्या भराभर निघताहेत. त्याला तीन ठिकाणांहून बोलावणी. मी आठ महिने उंबरठे झिजवत होते. जाईन तिथं एकच प्रश्न. "तेलुगू येतं का?" खोदकामावरच्या मजुरांशी बोलायला हवं ना. मी म्हणायची, "नाही."

खोटं होतं ते. आम्ही वडार घरात बोलतो ती बोली तेलुगूचीच बहीण. आई तिच्यातच शिव्या द्यायची, तिच्यातच घास भरवायची. शाळेत पोरींनी त्यावरून "दगडफोडी" म्हणून चिडवलं. तेव्हापासून ती बोली मी तोंडाबाहेर काढली नाही. सुहाससमोरसुद्धा नाही. नल्लकुंट्यात आम्ही राहायचो तिथं शेजारणी जिन्यात उभ्या राहून तेलुगूत माझ्याविषयी बोलायच्या. बिचारी मुकीच दिसते, नवरा गेला की दिवसभर दार बंद. मला शब्दन् शब्द कळायचा. मी दार लावून घ्यायची. एवढी एकटी मी जन्मात नव्हते.

सुहास म्हणायचा, "अगं, त्रास होतो तर जाऊ नकोस. माझा पगार आहे ना." माणूस वाईट नाही. पण त्याला कळत नव्हतं.

मागच्या नळापाशी नरसम्मा होती. खापरं धुणारी. बादली, ब्रश, पसरलेली पोती. खापरं धुणं हलकं काम नव्हे. पुण्याला आम्ही सगळेच धुवायचो, शिकवणारेही. इथं धुणारे बाहेर आणि लिहिणारे आत. चहाही बाहेर यायचा, वेगळ्या कपांत. दुपारी मी खापरांची रेखाटनं करायची. सर ती घेऊन आत जायचे. कोपऱ्यात माझं नाव घालू का, असं एकदा विचारलं. "बघू पुढे," म्हणाले.

एक दिवस भांड्याच्या बुडाचं खापर हाती आलं. आतून काळं करपलेलं, घट्ट धरलेलं. कुण्या बाईचं अन्न खाली लागलं होतं, शेकडो वर्षांपूर्वी. असं खापर धुवायचं नसतं. त्या करपटातूनच कळतं माणसं काय खात होती ते. मी ते बाजूला कागदावर ठेवलं.

तेवढ्यात सर पाहुणे घेऊन आले. "ही आमची वडारीण. एम.ए. आहे बरं का!" पाहुणे हसले. मग सरांना ते खापर दिसलं.

"हे का राहिलं?"

"सर, आत अन्न आहे. तपासायला पाठवायला हवं."

"धुऊन टाका. तुम्हाला धुवायला ठेवलंय, विचार करायला नाही."

माझे हात पाण्यात होते. ते मी बाहेर काढले. पदराला पुसले.

"नाही धुणार."

पाहुणे आभाळाकडे बघायला लागले. सर त्यांना घेऊन आत गेले. नरसम्मा हळूच म्हणाली, "एमैंदम्मा?" काय झालं बाई?

आणि माझ्या तोंडून आईची बोली बाहेर पडली. मी म्हणाले, माझी आई दगड फोडायची. तिच्या हातचं पाणी यांना चालत नव्हतं. माझ्या हातचं काम चालतं, नाव चालत नाही.

नरसम्मा बघतच राहिली. "मनोळ्ळेना नुव्वु?" आपल्यातलीच का गं तू? इतके महिने माझ्या शेजारी बसून तिला हे कळलं नव्हतं. मला रडू फुटलं. तिच्यासमोर लाज वाटली, सरांसमोर नाही वाटली.

खापर मी कागदात गुंडाळलं. वर लिहिलं, 'धुऊ नये'. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. मग पुढच्या दाराने आत गेले, सरांच्या टेबलावर ते ठेवलं, माझी रेखाटनं उचलली. ते म्हणाले, "अहो बाई, ती संस्थेची आहेत." मी थांबले नाही.

घरी आले तेव्हा शेजारणी जिन्यात होत्या. "मुकी नाही मी," त्यांना तेलुगूत सांगितलं. एकीच्या हातातली भाजी खाली पडली.

सोमवारी पुन्हा दुसऱ्या दाराशी जाणार आहे. विचारतील, तेलुगू येतं का? सांगेन, येतं. कुठे शिकलात? सांगेन, खाणीवर, आईजवळ. यावर ज्याला हसायचं त्यानं हसावं. त्याच्यासोबत मी आता हसणार नाही.